चौघांची वीण : एका नृत्याकृतीच्या शिकवणीचा इतिहास

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू इंग्लंड या नावाने ओळखली जाणारी सहा लहान राज्ये आहेत. तेथील गावसभांच्या, चर्चच्या किंवा शेतकरी-संघटनांच्या लाकडी सभागृहांत शनिवारी रात्री 'काँट्रा' नावाचे लोकनृत्य चालत आले आहे. नाचणारे दोन लांब रांगांत एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात. फिडल आणि पियानो ही मुख्य वाद्ये. मंचावर ध्वनिक्षेपकाशी एक व्यक्ती उभी असते आणि पुढची हालचाल कोणती ते वाद्यांच्या तालात सांगत असते. इंग्रजीत तिला 'कॉलर' म्हणतात. आपण 'पुकारणारा' म्हणू. या नृत्याला विशेष पोशाख लागत नाही, पावलांचे कसब फारसे लागत नाही, आणि जोडीदारही सोबत आणावा लागत नाही. ज्याने आयुष्यात कधी नृत्य केलेले नाही अशा माणसाने साडेसात वाजता दारातून आत यावे आणि साडेआठला तो पन्नास अनोळखी माणसांच्या रांगेत नाचत असावा, अशी या नृत्याची प्रतिज्ञा आहे. ती कितपत पाळली गेली आणि कोणी पाळली, हा या लेखाचा विषय होय. त्यासाठी सबंध नृत्याचा इतिहास धुंडाळण्याऐवजी एकच आकृती हाती धरलेली बरी. आणि तीही अशी, की जी नवख्याला शिकवताना भलेभले पुकारणारे घाम पुसतात.

या आकृतीचे इंग्रजी नाव 'हे'. मराठीत ते जसेच्या तसे ठेवले तर सर्वनामाशी गल्लत होऊन प्रत्येक वाक्य अडखळेल. म्हणून तिला 'वीण' म्हणू. नाव अगदीच परके नाही, कारण फ्रेंच भाषेतील कुंपणाच्या, म्हणजे काटक्या एकमेकींत गुंतवून केलेल्या वईच्या, शब्दाशी 'हे' या नावाचा संबंध सामान्यतः जोडला जातो. चौघांची वीण अशी : दोन जोड्या रांगांच्या आरपार एका आडव्या रेषेत येतात. बहुधा दोन स्त्रिया आरंभ करतात. त्या मध्यावर उजव्या खांद्याला उजवा खांदा देऊन एकमेकींना ओलांडतात. पलीकडच्या कडेला समोरून येणाऱ्या पुरुषाला डाव्या खांद्याने ओलांडतात. आणि टोकाला पोचल्यावर डावीकडे वळसा घेऊन परततात. तोवर दोन पुरुषांनी मध्यावर उजव्या खांद्यांनी एकमेकांना ओलांडलेले असते. मध्यावर उजवा, कडेला डावा, टोकाला वळसा, असे करीत चौघेही आपापल्या मूळ जागी येतात. हात कोणी कोणाला देत नाही. वरून पाहणाऱ्याला चौघांच्या वाटा वेणीच्या पेडांसारख्या दिसतील. गोव्यात शिगम्याला गोफ विणतात, त्याच्याशी या वाटेचे साम्य मराठी वाचकाला चटकन जाणवेल. ऐतिहासिक नाते मात्र काही नाही, आणि एक फरक मोठा आहे. गोफात प्रत्येकाच्या हाती दोरी असते; कोणी चुकला तर चूक डोक्यावर लटकत राहते आणि उलट पावली उकलता येते. येथे दोरी नाही. वाट पावलांबरोबर पुसली जाते.

आता या वाटेला मिळणारा वेळ पाहावा. काँट्राची धून साधारणतः ३२ मात्राखंडांची, म्हणजे ६४ पावलांची असते, आणि पावले मिनिटाला ११० ते १२० या गतीने पडतात. सबंध नृत्याचे एक आवर्तन अर्ध्या मिनिटात संपते. पूर्ण विणीला १६ पावले, म्हणजे आठ-साडेआठ सेकंद. दर दोन पावलांना, सुमारे सेकंदाला एकदा, समोर नवा माणूस येतो किंवा टोकाची रिकामी जागा येते आणि कोणत्या खांद्याने जायचे याचा निर्णय झालेला असावा लागतो. सांगणे, ऐकणे, समजणे आणि करणे या चार क्रिया एका सेकंदात बसत नाहीत. या एका अडचणीतून शिकवण्याच्या पद्धतींचा सारा इतिहास निघाला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

विणीचे छापील वर्णन शोधत मागे गेले तर फ्रान्समधील लांग्र या गावच्या एका धर्मगुरूच्या पुस्तकाशी आपण पोचतो. झाँ ताबूरो हे त्याचे नाव. त्याच्याच अक्षरांची उलटापालट करून घेतलेल्या 'त्वानो आर्बो' या टोपणनावाने त्याने 'ऑर्केसोग्राफी' हा ग्रंथ लिहिला, तो १५८९ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. शिष्याचे नाव काप्रिओल. कायदा शिकलेला, पण नृत्य न येणारा तरुण. 'ब्रान्ल द ला हे' या नृत्याचे निरूपण करताना नाचणारे एकामागून एक आपली जागा बदलत एकमेकांत कसे गुंततात, हे गुरू त्याला सांगतो. संवादाची ही निवड केवळ त्या काळचा साहित्यसंकेत म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही. नृत्य कागदावर उतरवायचे म्हटले तेव्हा, जो जाणत नाही असा एक माणूस कागदावरही उभा करणे लेखकाला आवश्यक वाटले. शिष्य प्रश्न विचारतो म्हणून गुरूला हालचालींचे तुकडे पाडावे लागतात, सुरांच्या खाली पावले मांडावी लागतात. चारशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही अभ्यासकांना त्या पुस्तकावरून नाचता येते, याचे श्रेय काप्रिओलच्या अज्ञानाला दिले पाहिजे.

याच्या नेमके उलट उदाहरण लंडनचे. जॉन प्लेफर्ड हा संगीताच्या पुस्तकांचा प्रकाशक. टेंपल चर्चच्या द्वारमंडपाशी त्याचे दुकान होते आणि आसपासच्या कायदाशाळांतील तरुण त्याचे गिऱ्हाईक होते. राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाला दोनच वर्षे झाली असताना, १६५१ साली, त्याने 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक काढले. त्यात शंभराहून थोडी अधिक नृत्ये. प्रत्येकाची धून आणि खाली चार-पाच ओळींत कृती. पुढे १७२८च्या सुमारापर्यंत त्याच्या अठरा आवृत्त्या निघाल्या. इंग्लंडच्या 'कंट्री डान्स' या नृत्यप्रकाराचा हा मूलाधार. काँट्रा हे त्याचेच समुद्रापार गेलेले अपत्य. परंतु शिकवण्याच्या दृष्टीने पाहिले तर पुस्तकाचे नाव फसवे आहे. पुस्तकात नृत्यशिक्षक नाहीच. पुढे चार पावले टाकून पाय जुळवणे म्हणजे 'डबल', दोन पावले म्हणजे 'सिंगल', असे एकदोन खुलासे आरंभी येतात. पण वीण म्हणजे काय, 'साइड्स' म्हणजे काय, हे कोठेही सांगितलेले नाही. प्लेफर्डच्या वाचकाला ते ठाऊकच होते. दिवाळीच्या फराळाची कृती लिहिणारी आजी 'पाक दोनतारी झाला की' एवढे लिहून थांबते, तशी ही भाषा आहे. ज्याने पाक पाहिलेला नाही त्याच्यासाठी ती वही नव्हेच.

या मौनाचे परिणाम अडीचशे वर्षांनी दिसले. सेसिल शार्प या इंग्रज संगीतशिक्षकाने विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यापाड्यांतील गाणी व नृत्ये गोळा करण्याचे प्रचंड काम हाती घेतले. १९११ साली त्याने इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन केली आणि त्याच साली प्लेफर्डची तीस नृत्ये उलगडून पुस्तकरूपाने छापली. 'साइड्स' या शब्दापाशी तो अडला. ती आकृती पाहिलेला माणूस जिवंत नव्हता. शार्पने तर्काने एक हालचाल बसवली : जोडीदारांनी एकमेकांना ओलांडून जागा बदलायची, वळायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. हालचाल डौलदार होती. शिक्षकांना तिचे प्रशिक्षण मिळाले, शाळांतून ती शिकवली गेली आणि दोन पिढ्यांनी ती मनापासून केली. पुढे पॅट शॉ यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या आधारांची फेरतपासणी केली, तेव्हा मूळ आकृती निराळी असावी असे निष्पन्न झाले. जोडीदारांनी पुढे येऊन खांद्याशी खांदा आणायचा आणि तसेच मागे सरायचे, इतकी ती साधी. आज दोन्ही प्रकार नाचले जातात आणि कोणता करायचा ते शिकवणाऱ्याला आधी सांगावे लागते. शार्पला दोष देण्याचे कारण नाही. पण शिकवण्याची साखळी एकदा तुटली की पुस्तक ती सांधू शकत नाही, आणि जो सांधायला जातो तो नकळत नवी आकृती घडवतो, याचा इतका नितळ पुरावा क्वचितच मिळतो. विणीचे तसे झाले नाही, कारण ती इंग्लंड-स्कॉटलंडच्या नृत्यांत एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे अखंड येत राहिली.

प्लेफर्डच्या पुस्तकात स्पष्टीकरण नसताना अठराव्या शतकातील नवखे शिकत तरी कसे होते? श्रीमंतांकडे पगारी नृत्यशिक्षक येत, हे एक उत्तर झाले. परंतु दुसरे आणि अधिक मनोरंजक उत्तर खुद्द नृत्याच्या रचनेत आहे. उत्तरोत्तर कंट्री डान्समध्ये 'हवी तितकी माणसे' सामावून घेणारी लांब रांग रूढ झाली. या रांगेत सगळे एकदम नाचायला लागत नसत. वरच्या टोकाची जोडी नृत्य निवडी आणि तीच आरंभ करी. खालच्या एक-दोन जोड्यांना घेऊन तिने एक आवर्तन पुरे केले की ती एक जागा खाली सरके आणि पुढच्या जोड्यांना घेऊन तेच पुन्हा करी. बाकीची रांग उभी राहून पाहत असे. विसाव्या जागेवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत नृत्य पोचेतो त्याने ते डझनावारी वेळा पाहिलेले असे. मग त्याला प्रथम साहाय्यकाची, म्हणजे थोडी हालचाल असलेली भूमिका मिळे. हळूहळू वर सरकत तो अखेर टोकाला पोचे आणि तेव्हाच त्याच्यावर पुढाकाराची पाळी येई. पाहणे, मदत करणे, मग स्वतः करणे, हा क्रम कोणी शिक्षणतज्ज्ञाने आखलेला नव्हता. रांगच शाळा होती.

अर्थात या शाळेत वेळ फार जाई. पण त्या वेळाचा उपयोग निराळा होता. जेन ऑस्टिन यांच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ सालच्या कादंबरीत नेदरफील्ड येथील नृत्यप्रसंगी एलिझाबेथ आणि डार्सी यांच्यात जी धारदार बातचीत होते, ती नाचता नाचता कशी शक्य झाली, असा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला पडतो. ती उभे राहण्याच्या काळातली बातचीत आहे. आणि रांगेतून खाली नाचत जाण्याची पाळी आली की संवाद तुटतो, हेही लेखिकेने नोंदवले आहे. मात्र त्या दोघांनी नेमक्या कोणत्या आकृती केल्या ते ऑस्टिन सांगत नाहीत. प्लेफर्डप्रमाणे त्यांच्याही वाचकाला ते ठाऊक होते. अज्ञ वाचकाचा विचार केला तो टॉमस विल्सन या लंडनच्या नृत्यशिक्षकाने. १८०८ साली त्याने कंट्री डान्सच्या आकृतींचे विश्लेषण करणारे पुस्तक काढले आणि प्रत्येक आकृतीची वाट रेषांनी काढून दाखवली. नृत्यगृहात येणाऱ्यांपैकी अनेकांना आता रांगेत उभे राहून शिकण्याइतका धीर किंवा शिक्षकाइतका पैसा नव्हता, असा याचा अर्थ लावता येईल.

दरम्यान हे नृत्य सतराव्या शतकाच्या अखेरीसच फ्रान्समध्ये गेले होते. आंद्रे लोराँ या नृत्यशिक्षकाने इंग्लंडला जाऊन ते टिपले आणि चौदाव्या लुईला हस्तलिखित सादर केले. १७०६ साली फ्योये याने फ्रेंच पद्धतीच्या नृत्यलिपीत त्याचा संग्रह छापला. 'कंट्री डान्स'चे तेथे 'काँत्रदाँस' झाले आणि 'काँत्र', म्हणजे समोरासमोर, हा अर्थ त्याला आपसूक चिकटला. हेच नाव पोर्तुगीजांकडे 'काँत्रादान्सा' झाले. एकोणिसाव्या शतकात गोव्यातील साष्टीच्या ख्रिस्ती उच्चभ्रू घरांत बहरलेल्या मांडोत स्त्रिया आणि पुरुष दोन रांगांत समोरासमोर उभे राहून संथपणे पुढे-मागे होतात; त्या मांडणीच्या मुळाशी काँत्रादान्सा आहे, असे मांडोच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. मांडोत वीण नाही, घाई नाही, पुकारा तर नाहीच. गाणाऱ्यांचे शब्द आणि पंख्याची हालचाल यांनीच त्याचा डौल ठरतो. एका मांडणीची दोन अपत्ये, एक मडगावच्या दिवाणखान्यात आणि एक न्यू हॅम्पशरच्या धान्यकोठारात, इतकी निराळी निपजावीत याचे नवल वाटते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अमेरिकेत वसाहतकारांबरोबर कंट्री डान्स गेलाच होता. १७८८ साली प्रॉव्हिडन्स येथे जॉन ग्रिफिथ्स या नृत्यशिक्षकाचा छोटा संग्रह निघाला, तो त्या देशात छापल्या गेलेल्या नृत्यपुस्तकांतील अगदी आरंभीचा. असे शिक्षक गावोगाव हिंडत, फी घेत आणि नृत्यांबरोबर रीतभातही शिकवत. म्हणजे नाचायचे तर आधी शिकवणी लावलेली असावी, हा नियम तेथेही कायम होता. तो मोडला पुकाऱ्याने. नाचणाऱ्यांना काहीच पाठ नसले तरी चालेल, कोणीतरी क्षणाक्षणाला सांगत राहील, ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही जन्मतारीख असेल असे सुचत नाही. परंतु युरोपातील नृत्यगृहांत अशी प्रथा रूढ नव्हती. फिल जॅमिसन यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण अ‍ॅपलेशियन नृत्यांवरील ग्रंथात जे पुरावे मांडले त्यांनुसार, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत नृत्य पुकारणारे म्हणून ज्यांच्या सर्वांत जुन्या नोंदी सापडतात ते कृष्णवर्णीय वादक होत. गोऱ्यांच्या मेजवान्यांत फिडल वाजवण्याचे काम गुलामांकडे असे. वाजवता वाजवता नाचणाऱ्यांना हालचाली सांगण्याची रीत त्यांच्याकडून आली. आफ्रिकी संगीतात एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायचा ही परंपरा होतीच.

हा तपशील तळटीपेत टाकून पुढे जाण्यासारखा नाही. ज्यांना त्या सभागृहात नाचणारा म्हणून प्रवेश नव्हता, त्यांनी आत असलेल्या अडाण्यांना नाचवले. आणि त्यांच्या या युक्तीमुळेच नृत्यशिक्षकाची फी न भरलेला शेतकरी, सुतार, घरकामाची मुलगी यांना रांगेत उभे राहता येऊ लागले. काँट्रा म्हणजे न्यू इंग्लंडच्या गोऱ्या खेड्यांची शुद्ध इंग्रजी ठेव, अशी समजूत पुढे दीर्घकाळ नांदली. नृत्याच्या सर्वांत लोकशाही अंगाचा उगम त्या समजुतीत बसत नव्हता, म्हणून त्याकडे पाहिलेच गेले नाही.

एकोणिसाव्या शतकात चौकोनी मांडणीची क्वाड्रिल आणि नंतर वॉल्ट्झ, पोल्का यांनी लांब रांगेला मागे सारले. शहरांतून ती गेली. न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मेन यांच्या डोंगराळ गावांत टिकली. तेथली 'हल्स व्हिक्टरी', 'कोरस जिग', 'मनी मस्क' ही नृत्ये सर्वांना पाठ असत. पुकारणाऱ्याने नाव घ्यावे आणि रांगा लागाव्यात. अशा गावांतून आलेला रॅल्फ पेज हा विसाव्या शतकातील या नृत्याचा सर्वांत मोठा शिक्षक. त्याचा जन्म १९०३चा, मन्सनव्हिल येथला. १९३७ साली बेथ टोलमन यांच्याबरोबर त्याने नृत्यांचे पुस्तक लिहिले. १९४३पासून बॉस्टनमध्ये दर आठवड्याला नृत्ये पुकारू लागला आणि पंचवीस वर्षे ते व्रत चालवले. 'नॉर्दर्न जंकेट' नावाचे नियतकालिक १९४९ ते १९८४ स्वतः चालवले. १९८५ साली तो वारला. बॉस्टनला त्याच्यासमोर नोकरदार, विद्यार्थी, परगावचे लोक येत. लहानपणापासून रांग पाहिलेला माणूस त्यांत अपवादानेच असे. गावात जे रांगेने शिकवले होते, ते येथे त्याला तोंडाने शिकवावे लागले.

पुढे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात शहर सोडून शेती करायला निघालेल्या तरुणांची लाट त्या टापूत आली आणि कँटरबरीच्या डडली लॉफमन या वादक-पुकारणाऱ्याभोवती जमली. लॉफमनने सोप्या नृत्यांवर आणि कमीत कमी बोलण्यावर भर दिला. पण टेड सॅनेला, टोनी पार्क्स यांच्यासारख्या रचनाकारांनी शेकड्यांनी नवी नृत्ये रचली. त्यांत रांगेतील सर्वांनी प्रथमपासून नाचावे, कोणी उभे राहू नये, असे सूत्र ठरले. जुन्या नृत्यांत विरळ असलेली चौघांची वीण या नव्या रचनांत सर्रास दिसू लागली, कारण ती चौघांना सारखेच काम देते. नाचणाऱ्यांना ते आवडले, यात आश्चर्य नाही. पण उभे राहण्याचा वेळ गेला तसा पाहण्याचाही वेळ गेला. रांग ही शाळा होती, ती बंद पडली.

तिच्या जागी जे आले ते म्हणजे संगीताविना केलेली कोरडी फेरी. प्रत्येक नृत्याआधी पुकारणारा सर्वांना चारचारांच्या गटांत हात धरायला सांगतो, मग एकेक आकृती चालवून दाखवतो आणि त्यानंतर वाद्ये सुरू होतात. शिवाय सायंकाळच्या आरंभी नवख्यांसाठी अर्ध्या तासाचा पाठ असतो. १९९२ साली टोनी पार्क्स यांनी पुकारण्याच्या कलेवर पाठ्यपुस्तकच लिहिले. म्हणजे आता शिकवणाऱ्यांनाही शिकवावे लागत होते.

वीण सांगण्याचे नाना प्रकार आहेत. इंग्रजी आठाचा आकडा आडवा पाडला आहे अशी कल्पना करा आणि त्याच्या रेषेवरून चाला, असे काही सांगतात. (मराठी आठ येथे कुचकामाचा, त्याला दोन पोटे नाहीत.) नकाशा म्हणून हे बिनचूक आहे, पण नकाशा वरून दिसतो आणि नवखा जमिनीवर असतो. दुसरे पुकारणारे नकाशा सोडून देतात आणि 'मध्ये उजवा, कडेला डावा' एवढाच मंत्र देतात. तो पाठ होतो, परंतु आपण आत्ता मध्यावर आहोत की कडेला, हेच चालणाऱ्याला कळत नसते. त्यातून अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. समोरून येणाऱ्याला डाव्या खांद्याकडे ठेवण्याची तेथे सवय असते, म्हणून मध्यावरचा उजवा खांदा अंगाला जरा विपरीत वाटत असावा. डावीकडून चालणाऱ्या आपल्याला तो सोपा आणि कडेचा डावा अवघड जाईल. तिसरी रीत माणसांच्या नावाने सांगण्याची : आधी ती, मग जोडीदार, मग वळसा, मग शेजारी. ही मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण खांदा विसरला तरी चेहरा दिसतो. काही पुकारणारे चार जाणकारांना पुढे बोलावून वीण करून दाखवतात. पाहणाऱ्यांना ती सुंदर वाटते, पण पाहून मिळणारा विश्वास दोन पावलांत उडतो.

चुका मात्र सगळीकडे त्याच. टोकाला रिकामी जागा आली की नवखा थांबतो. समोर माणूस नाही म्हणजे आपले काम संपले, असे त्याला वाटते. किंवा तो वळसा न घेता जागच्या जागी गर्रकन वळतो आणि दोन पावले आधीच मध्यावर येऊन ठेपतो. किंवा भांबावून उजवीकडे वळतो आणि समोरच्या बाईच्या थेट पुढ्यात येतो. म्हणून अनुभवी पुकारणारा टोकाच्या त्या मोकळ्या जागेवरच अधिक वेळ घालवतो. माणसे ओलांडणे कोणालाही जमते. एकटे राहून वाट पूर्ण करणे शिकवावे लागते. आणि तो वीण सायंकाळच्या पहिल्या नृत्यात कधी घेत नाही. आधीच्या दोन-तीन नृत्यांत उजव्या खांद्याने नुसते आरपार जाण्याची साधी आकृती तो पेरून ठेवतो. पायांना ती ओळखीची झाली की विणीतला निम्मा भाग न शिकवताच आलेला असतो.

इतके करूनही कोरड्या फेरीत वीण कोसळते ती कोसळतेच. तिला उभे ठेवतात ते शेजारी. प्रत्येक आवर्तनानंतर जोडी एक जागा सरकते आणि तिला नवे शेजारी मिळतात. म्हणजे एका नृत्यात नवख्याची गाठ पंधरा-वीस वेगळ्या जोड्यांशी पडते. त्यांतले बहुतेक जाणते असतील तर कोणी नजरेने, कोणी पसरलेल्या तळव्याने, कोणी नुसता खांदा पुढे करून त्याला वाट दाखवतो. या देवाणघेवाणीत पुकारणाऱ्याचा वाटा फार थोडा. आणि येथेच नृत्याच्या प्रतिज्ञेला तडा जातो. सभागृहात तीन रांगा लागल्या तर जाणते लोक मधल्या रांगेत, वाद्यवृंदाच्या जवळ, गर्दी करतात. पुढच्या दोन-तीन नृत्यांचे जोडीदार आधीच ठरवून ठेवतात. कडेच्या रांगेत नवख्याला नवखाच भेटतो. तेथे वीण आवर्तनागणिक विस्कटत जाते आणि पुकारणाऱ्याने कितीही नेमके शब्द वापरले तरी सावरत नाही. या खोडीला तिकडे नावही पडले आहे आणि तिच्यावर वर्षानुवर्षे वाद झाला आहे. उत्तम नाचणाऱ्याला उत्तम सोबत हवी असणे हा काही अपराध नव्हे. पण ज्या रांगेने एकेकाळी सर्वांना फुकट शिकवले, तिची ही विभागणी पाहून जुन्या गावकऱ्यांना काय वाटले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

अलीकडच्या काळात शिकवण्याची भाषाही बदलली. 'पुरुष' आणि 'स्त्रिया' ही संबोधने टाकून अनेक ठिकाणी पक्ष्यांची नावे आली : डाव्या बाजूचा तो 'लार्क', उजव्या बाजूचा तो आधी 'रेव्हन' आणि २०२०च्या सुमारापासून 'रॉबिन'. कोणी कोणती भूमिका घ्यावी याचे बंधन राहू नये, हा हेतू. वाद पुष्कळ झाले, ते येथे उगाळण्याचे कारण नाही. शिकवणीच्या दृष्टीने एक लाभ मात्र उघड आहे : इंग्रजीत 'लार्क'चे आद्याक्षर 'लेफ्ट'चे आणि 'रॉबिन'चे 'राइट'चे असल्यामुळे नवख्याला आपली बाजू नावातच सापडते. 'रॉबिननी सुरू करायचे' हे वाक्य त्याला आपल्या स्त्रीपुरुषत्वाची नव्हे, तर जागेची आठवण देते. आणि विणीत हरवलेल्याला हवी असते ती जागाच.

मार्च २०२० मध्ये महासाथीने ही सभागृहे बंद पडली. हात धरणे आणि खांद्याजवळून जाणे याच ज्या नृत्याच्या गरजा, ते अंतर राखून नाचता येणे शक्य नव्हते. ठिकठिकाणी दार पुन्हा उघडायला वर्ष-दीड वर्ष आणि काही जागी त्याहून अधिक काळ लागला. पुकारणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडावा लागला : रांगेत जाणते किती, नवखे किती, आणि आज वीण घ्यावी की न घ्यावी.

घ्यायची ठरली तर सायंकाळ अशी जाते. कोरडी फेरी दोनदा होते; दुसऱ्यांदा कडेच्या रांगेत एक गट अडकतो, पुकारणारा मंचावरून उतरतो, तिघांना जागच्या जागी ठेवून चौथ्याच्या पुढे स्वतः चालून दाखवतो आणि परत वर येतो. वाद्ये सुरू होतात. पहिल्या आवर्तनात तो प्रत्येक ओलांडणे पावलाच्या किंचित आधी सांगतो, कारण शब्द पावलाबरोबर आला तर उशीर झालेला असतो. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला तो फक्त 'रॉबिन, उजवा खांदा' एवढेच म्हणतो. सातव्याला नुसते 'वीण'. त्यानंतर तो ध्वनिक्षेपकापासून एक पाऊल मागे सरतो, कडेच्या रांगेकडे पाहत राहतो आणि तोंड उघडत नाही. टोकाच्या मोकळ्या जागेत एक माणूस डावीकडे वळसा घेऊन, समोर कोणी नसताना, पुढची दोन पावले टाकतो.